राळेखालचा हात

नावेला राळ लावायची की ऑइलपेंट, यावर आमच्या गावात जेवढं बोलणं झालं तेवढं कुणाच्या लग्नावरही झालं नसेल. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. तेव्हा तापीवर आमच्या बाजूला पूल नव्हता. उत्तरकाठावर आमचं गाव, दक्षिणकाठावर नंदुरबारकडे जाणारा रस्ता, आणि मधल्या पाण्यात लोटन भोईची नाव. लोटनची म्हणायची एवढंच. नाव गावाची होती. तो ती चालवायचा आणि स्वतःची असल्यासारखा लोकांवर ओरडायचा.

मी त्या गावची सून. माहेर माझं रनाळ्याचं, म्हणजे नदी नसलेल्या गावचं. त्यामुळे नावेचं मला कौतुक नव्हतं, उलट तिच्यावर राग होता आणि त्याला कारण होतं. लग्न होऊन मी याच नावेतून सासरी आले. ऐन उन्हाळा, दुपारची वेळ. लोटननं नुकतीच राळ लावलेली, आणि राळ उन्हानं मऊ होते हे मला कोण सांगणार? काठाला लागल्यावर सगळे उतरले. मी उठायला गेले तर शालू फळीला चिकटलेला. ओढला, तर टर्रकन फाटला. माझ्या डोळ्यांत पाणी, आणि सासूबाई, अनुसयाबाई, हात जोडून नदीला सांगताहेत, "तापीमायनी वहूले धरी ठेवं वं माय!" सगळ्या बायका हसल्या. मला काही हसू आलं नाही.

पण राळेचं काम पाहण्यासारखं होतं हे कबूल करायला हवं. दर वर्षी आखाजीच्या आधी, नदी खाली गेली की नाव वाळूवर ओढायची. शेवाळ खरवडायचं. फळ्यांच्या सांध्यांतला जुना कापूस काढून तेलात भिजवलेला नवा ठोकून बसवायचा. मग वाळूतच चूल मांडून जवसाच्या तेलात राळ कढवायची आणि गरम असतानाच नावेला आतून-बाहेरून चोपडायची. तिचा वास गावभर पसरायचा. गार झाली की ती चहाच्या रंगाची दिसायची, आणि तिच्यातून खालचं लाकूड, त्याच्या रेघा, सगळं आरपार दिसायचं.

लाकडाबरोबर आणखी एक गोष्ट दिसायची. लेकींचे हात.

गावची जी लेक नदीपल्याड दिली जायची, ती लग्नानंतर सासरी निघताना नावेत बसली की ओल्या कुंकवाचा पंजा आतल्या फळीवर दाबायची. त्याला थापा म्हणत. त्याच संध्याकाळी लोटन, त्याच्या आधी त्याचा बाप, पळीभर राळ कढवून त्या थाप्यावर फिरवायचा. मग थापा पुसायचा नाही. वर्षं जातील तसा लालाचा तांबडा, तांबड्याचा तपकिरी व्हायचा, पण बोटं न् बोटं दिसायची. ज्या लेकीचा थापा, तिला नावेचं भाडं नाही, आणि बसायची जागाही तिच्या थाप्यापाशीच. आमच्याच काठावर शहाद्याकडे दिलेल्या पोरी बैलगाडीनं जायच्या, त्यांना यातलं काहीच नाही. त्या आखाजीला माहेरी आल्या की यावरून भांडायच्या. आम्हा सुनांना तर थाप्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही भाडं भरायचं आणि चिकटायचं.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात तिची सर दिवाळीला नाही, कारण आखाजीला प्रत्येक लेक माहेरी असते. झोके बांधतात, सांजोऱ्या करतात, आमरसाची पातेली भरतात. पण लेक आपली आपण येत नाही. माहेरचं माणूस तिला घ्यायला जातं. त्याला मुराळी म्हणतात. भाऊ, भाचा, बाप, कुणीही चालतो, पण मुराळी आल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही. माझा भाऊ एकदा उशिरा आला तर मी त्याच्याशी रनाळ्यापर्यंत बोलले नव्हते.

भिकुबाई मला दिसली ती आदल्या वर्षीच्या आखाजीला, भाऊ उशिरा आला म्हणून मी अजून सासरीच होते तेव्हा. माझी नणंद जसोदा येणार म्हणून सासूबाईंनी मला काठावर पाठवलं होतं. नाव लागली, जसोदा उतरली, बाकीच्या लेकी उतरल्या, मुराळी गाठोडी घेऊन चालू पडले. पुढच्या बाजूला एक म्हातारी तशीच बसून राहिली, एक हात फळीवर ठेवून. मला वाटलं तिला दिसत नसेल.

"उतरा ना आजी, गाव उनं," गाव आलंय म्हणून मी तिला सांगितलं.

"गाव उनं तं उनं. मी कोठे उतरस?"

लोटन बांबू टेकून म्हणाला, "तिले ऱ्हाऊ दे. ती नही उतरस. बठीसन परत जास."

"का बरं?"

म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी. "मुराळी बिगर आंडेर गावम्हा पाय ठेवस का? तुन्हा गावले ठेवतस?"

आमच्याकडे लेकीला आंडेर म्हणतात. ती या गावची लेक होती. भाऊ होता तोवर तो न्यायला यायचा. भाऊ गेला, त्याला मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून ती दर आखाजीला पल्याडच्या काठावर येऊन नावेत बसायची, अल्याड यायची, आणि पाय खाली न ठेवता परत जायची. "आते हाई नावच मन्ही मुराळी," ती म्हणाली. "लेवाले बी तीच, पोचाडाले बी तीच."

मग तिनं फळीवरचा हात उचलून मला तिचा थापा दाखवला. राळेचे थर इतके चढले होते की खालचा पंजा पाण्याच्या तळाशी असल्यासारखा दिसत होता. अगदी लहान पंजा. पोरखेळाच्या वयात लग्न झालेलं. तिनं आपला सुरकुतलेला हात परत त्यावर ठेवला तर तो सगळीकडून बाहेर आला.

"देख, कितला धाकला व्हता," ती म्हणाली. थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना, म्हणाली, "हात देखी लिधा, गाव देखी लिधं. मन्हा पोरं चांगला शेतस. पन एक वाटस. मी मरनू तं मन्हा आंगवर माहेरनं लुगडं कोन टाकी?"

बाईच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असावं लागतं. सासरी सोन्याच्या राशी असल्या तरी ते लुगडं माहेरूनच येतं, आणि येईपर्यंत थांबतात. ज्या बाईला ते येत नाही तिच्याबद्दल लोक पुढं वर्षभर हळहळतात. मी तिला पुन्हा एकदा उतरा म्हटलं. ती हट्टानं मान फिरवून बसली. मला तिचा रागही आला आणि घरी जाईपर्यंत मी दहादा मागं वळून पाहिलं.

सासूबाईंना विचारलं तेव्हा कळलं की आमचा गोठा आहे ती जागा भिकुबाईच्या बापाच्या घराची. तिच्या भावानं म्हातारपणी ती माझ्या सासऱ्यांना विकली. व्यवहार चोख होता, कुणी कुणाला फसवलं नव्हतं. घर पडायला आलेलं, ते पाडून सासऱ्यांनी गोठा बांधला. एवढंच.

आता ऑइलपेंटचं. माझे यजमान रूपचंद केळी घेऊन सुरतेला जायचे. नंदुरबारहून गाडी, नवापूर ओलांडलं की तिकडची हवा लागायची, आणि परत येताना डोक्यात काहीतरी नवीन असायचं. कधी पंप, कधी विलायती कोंबड्या. त्या वर्षी त्यांनी तापीच्या तिकडच्या अंगाला रंगवलेल्या नावा पाहिल्या. निळ्या, वर पांढरा पट्टा. गावात कुणाशी बोलणं नाही, पंचायतीत ठराव नाही, आणि हे रंगाचे डबे घेऊनच उतरले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते माझ्या वाट्याला आलेलं.

नाव वाळूवर ओढली त्या सकाळी गावातली चार शहाणी माणसं तिच्याभोवती जमली. माझे सासरे पितांबरबाबा त्यांत मोठे. ते शेवटी बोलायचे आणि त्यांचं बोलणं झालं की लोक उठायचे. मी कपडे धुवायच्या निमित्तानं जवळच्या धोंड्यावर होते.

यजमानांनी बाजू चांगली मांडली. राळ उन्हात चिकटते, सगळ्यांची धोतरं खराब होतात. दर वर्षी तोच खटाटोप. रंग एकदा लावला की दोन-चार वर्षं पाहायला नको. टणक बसतो, हात फिरवला तर हाताला काही लागत नाही. "आनि दिसस कसं! नंदुरबारना लोके देखतच ऱ्हातीन."

कुणीतरी म्हणालं, रंगाला पोपडे येतात, लाकूड आत कुजतं. सगळ्यांनी लोटनकडे पाहिलं. लोटन राळेच्या बाजूनं बोलेल असं मला वाटलं होतं. तो कशाला बोलतो! त्यानं दोन्ही मनगटं पुढं केली. कढत्या राळेचे डाग, जुन्यावर नवे. "मन्हा बापना हात बी असाच व्हतात," तो म्हणाला. "राळ बी पानी थोपाडस, रंग बी थोपाडस. रंग तं रंग. पन राळवर रंग टिकाव नही. समदी राळ घासनी पडी. लाकूड उघडं करनं पडी, मंग अस्तर, मंग रंग."

"मंग घास," यजमान म्हणाले.

तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं की राळ घासायची म्हणजे थापे घासायचे. एकानं वाळूत काडीनं रेघ ओढली. बहुतेकांची लेक त्या फळीवर होती. सासऱ्यांची जसोदाही होती. त्यांनी नावेत वाकून पाहिलं, जरा वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "आंडेरी घर येतस. नावम्हा नही येतस."

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं असतं. ज्यांच्या लेकींना घर होतं ते सगळे तिथं बसलेले होते, आणि त्यांचं बरोबरच होतं. ज्या एकीला घर नव्हतं तिच्या वतीनं बोलायला तिथं कुणी नव्हतं. मी धोंड्यावर लुगडं इतक्या जोरात आपटलं की लोटननं वळून पाहिलं.

घरी आल्यावर मी यजमानांना भिकुबाईबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. मग म्हणाले, "एक म्हातारीसाठे समदा गावनी चिकटानं का? तूच सांग. शालू कोना फाटना व्हता?"

शालू माझाच फाटला होता. आणि आपलीच गोष्ट आपल्यावर उलटली की मला जास्त राग येतो. मी म्हटलं, मग तेवढा एक थापा ठेवा, बाकीची नाव रंगवा. ते सासऱ्यांना विचारून आले. सासऱ्यांनी एका वाक्यात निकाल लावला होता. "एक ठेवा तं समदा ठेवना पडतीन." तेही खोटं नव्हतं. एकीचा राहिला असता तर गावातल्या झाडून सगळ्या आया दुसऱ्या दिवशी वाळूवर रांगेनं उभ्या राहिल्या असत्या.

तशा त्या आल्याच. लोटन पत्र्यानं राळ खरवडायला बसला तेव्हा एकेक करून आल्या, आपापल्या लेकीच्या थाप्यापाशी उभ्या राहिल्या, आणि "घास बाबा, घास" म्हणत पदर डोळ्यांना लावून परत गेल्या. सासूबाई घरात म्हणत होत्या, "जसोदा वरडी. एक लुगडं ज्यादा दी टाकू, काय." पण लोटनचा पत्रा जसोदाच्या बोटांपाशी आला तशा त्या मटकन वाळूत बसल्या. राळेच्या ज्या तांबूस कपच्या पडल्या त्या त्यांनी पदरात बांधून आणल्या. घरी पोचेपर्यंत त्या उन्हानं वितळून पदराला चिकटल्या. ते लुगडं त्यांनी मग धुतलंच नाही.

भिकुबाईच्या थाप्यापाशी कुणी आलं नाही. मी गेले. थर जाड होते म्हणून लोटनला वेळ लागला. खालून लाकूड निघालं, पांढुरकं, नुकतं कापल्यासारखं. त्यावर काही नव्हतं.

अस्तर लागलं, रंग लागला, पांढरा पट्टाही ओढला. खोटं कशाला बोलू, नाव देखणी दिसत होती. पाण्यात लोटली तेव्हा पोरं काठानं ओरडत धावली. पलीकडच्या गावचे लोक मुद्दाम पाहायला आले. मीही त्यात बसले, उठले, आणि लुगडं सुटून आलं. बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचाच मला राग आला.

आखाजी दोन दिवसांवर आली. माझा भाऊ मला न्यायला आला. या खेपेला वेळेवर. मी त्याला सांगितलं, आज नाही, आखाजी झाली की निघू. तो माझ्याकडे पाहतच राहिला. आखाजीला माहेरी यायचं सोडून सासरी कोण थांबतं? मी म्हटलं, रस खा आणि लिंबाखाली झोप.

संध्याकाळी सासरे गोठ्यात बैलांना वैरण घालत होते. मी कधी त्यांच्यासमोर उभी राहून बोलले नव्हते. पदर पुढं ओढला आणि दाराशी उभी राहिले.

"मामा, भिकुबाईले लेवाले कोन जाई?"

त्यांना आधी कोण भिकुबाई ते कळेना. कळलं तेव्हा म्हणाले, "तिले लेवाले कोन जाई? मुराळी रगतना लागस. तिन्हा घरम्हा कोनी नही."

"तिन्हं घर कोठे व्हतं?"

त्यांनी गोठ्याच्या भिंतीकडे पाहिलं. त्यांच्या हातात कडब्याची पेंढी होती.

"दर साल नाव तिले ली ये," मी म्हटलं. आवाज चढला होता, पण आता मागं कोण फिरतं? "आते नाववर तिन्हा हात नही. तुम्ही जागा लिधी मामा. मंग जागानी आंडेर कोनी?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "वहूनं तोंड भू चालस!" सासऱ्यांनी पेंढी बैलापुढं टाकली, हात झटकले, आणि मला ओलांडून बाहेर गेले. जेवताना त्यांनी अर्ध्या भाकरीवरच ताट सरकवलं. यजमानांनी मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी भाकरी थापत राहिले.

सकाळी त्यांनी सासूबाईंकडे धुतलेलं धोतर मागितलं. पांढरी टोपी घातली, खांद्यावर उपरणं टाकलं. लग्नाला निघाल्यासारखे. यजमान म्हणाले, "मी जास ना, तुम्ही कसाले?"

"म्हातारीले मुराळी म्हाताराच शोभस," ते म्हणाले आणि काठाकडे चालू पडले.

पलीकडे काय झालं ते मला लोटननं नंतर सांगितलं. भिकुबाई नेहमीसारखी एकटी काठावर येऊन बसलेलीच होती. घरी जाऊन तिच्या मुलांना सांगून, रीतसर पाणी पिऊन सासरे तिला परत काठावर घेऊन आले. तिला ते अजून खरं वाटत नसावं. नावेत चढली ती थेट आपल्या जागेवर जाऊन बसली आणि फळीवर हात ठेवला. हात गुळगुळीत निळ्यावर पडला. तिनं वर चाचपलं, खाली चाचपलं. मग लोटनला विचारलं, "मन्हा हात कोठे गया?"

लोटननं पाण्यात बांबू घातला आणि नदीकडे पाहत राहिला.

सासरे म्हणाले, "घासी टाका बइन. म्हनीसन मी उनू."

अल्याड येईपर्यंत तिनं त्या निळ्यावरून हात उचलला नाही. मी काठावर उभी होते, सासूबाई होत्या, जसोदा होती, यजमानही आले होते. नाव वाळूला लागली. सासरे उतरले आणि हात पुढं करून उभे राहिले. भिकुबाई नावेच्या कडेला आली, आणि पाय टाकायच्या आधी थांबली. त्यांच्याकडे वरून खाली पाहत म्हणाली, "पितांबर, मुराळीले इतला वरीस लागतस का रे?"

ज्यांच्यासमोर गाव बोलत नसे त्या माणसानं मान खाली घातली. "चुकनं बइन," ते म्हणाले.

तेव्हा तिनं वाळूत पाय ठेवला. दुसरा ठेवला. सासूबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी ते पुसलंही नाही.

मला वाटलं होतं, म्हातारी गरीब गाय होऊन कोपऱ्यात बसेल. छे! ती थेट गोठ्यात गेली. "सरक रे," म्हणून बैलाला ढकललं आणि भिंतीपाशी उभी राहून म्हणाली, "अठे चूल व्हती. अठे मायनी उखळ. आनि अठे हाऊ पितांबर शेंबूड पुसत ये, गूळ मांगाले." सासऱ्यांना पोरांसमोर हे ऐकावं लागलं. आमरस तिला पातळ लागला. सांजोऱ्या कडक. झोक्यावर आधी कोण बसणार यावरून ती आणि जसोदा भांडल्या, आणि ती जिंकली. आखाजीच्या दिवशी दुपारी ती झोक्यावर बसून गाणी म्हणत होती, अर्धी गाणी आम्हा कुणाला येत नव्हती. एकदा रुसली सुद्धा, कशावरून ते आठवत नाही. सासूबाई मला म्हणाल्या, "जसोदापेक्षा तापदायक शे." पण रस दाट करायला लगेच उठल्या.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ती परत निघाली आणि मी रनाळ्याला निघाले. एकाच नावेत. ती माहेराहून सासरी, मी सासरहून माहेरी. सासूबाईंनी ओसरीवर पाट मांडून तिची ओटी भरली, तळहातावर ओलं कुंकू ठेवलं, आणि नवं लुगडं दिलं. भिकुबाईनं लुगड्याची घडी छातीशी धरली. उघडून काठही पाहिला नाही.

"हाई मी नेसाव नही," ती म्हणाली. "हाई ठी देसू. शेवटले कामले ई."

सगळ्यांना कळलं ती काय म्हणतेय. सासूबाईंनी तोंड फिरवलं. सासरे ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते, ते तिथूनच शांतपणे म्हणाले, "हाई नेस. फाटू दे. ते लुगडं येगळं ऱ्हाई. ते मी लईसन येसू."

"आनि तूच पहिले गया तं?"

सासऱ्यांनी माझ्या यजमानांकडे पाहिलं. यजमान खाली पाहत होते. त्यांच्या नखांच्या कडांना अजून निळा रंग होता. ते उठले, भिकुबाईच्या पाया पडले आणि म्हणाले, "मी लई येसू, फुई."

फुई म्हणजे आत्या. तोवर ती त्यांच्या तोंडी नुसती म्हातारी होती.

नावेत ती आपल्या जुन्या जागेवरच बसली. नाव काठापासून सुटली. तिच्या तळहातावर ओटीचं कुंकू अजून ओलं होतं. सवयीनं तिनं तो हात फळीकडे नेला. लोटननं बांबू थांबवला. "लाव फुई," तो म्हणाला. "वरथून राळ लाई देसू. रूपचंदले मी सांगसू काय सांगानं ते."

ती हाताकडे पाहत राहिली. मग हात नावेबाहेर घालून तिनं तापीच्या पाण्यात धुतला. लाल पाणी जरासं दिसलं आणि गेलं. ओला हात लुगड्याला पुसून तिनं सांजोऱ्यांचं गाठोडं उघडलं आणि पहिली माझ्या भावाला दिली. "मन्हामुये तुन्ही आखाजी बुडनी ना रे," ती म्हणाली. तो बिचारा लाजला.

पलीकडे उतरताना लोटननं माझ्याकडून भाडं घेतलं, तिच्याकडून मागितलं नाही. तिचा मुलगा गाडी घेऊन आला होता. ती गाडीत बसली, आणि बैल निघाले तशी मागं वळून मला ओरडून म्हणाली, "तुन्हा सासराले सांगजो, पुढली आखाजीले उशीर नका करू. मी नावपाशी येवाव नही. घर बठीसन वाट देखसू."